पार्श्वभूमी : लास वेगासची दुसरी फळी आणि ‘रेडशर्ट’चा उलटलेला अर्थ

सप्टेंबर 2024च्या शेवटच्या आठवड्यात लास वेगासच्या सरकारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ मोसमातले पहिले तिन्ही सामने जिंकून बसला होता. त्यात मोठ्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे बड्या विद्यापीठांच्या गटातल्या, ह्यूस्टन आणि कॅन्सस या दोन संघांना परगावी जाऊन हरवलं होतं. त्याच आठवड्यात पहिल्या पसंतीच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूने, आपण उरलेला मोसम खेळणार नाही, ‘रेडशर्ट’ घेणार, असं रात्री जाहीर केलं. लहान कॉन्फरन्समधली भरती आज इतकी अस्थिर का झाली, हे समजायला या एका शब्दाचा प्रवास पाहावा लागतो.

शब्द जुना आहे. 1937 साली नेब्रास्कात एक खेळाडू वर्षभर फक्त सराव करत राहिला. त्याच्या अंगात बिननंबराचा लाल शर्ट असे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. नियम असा : खेळाडूच्या हाती पाच वर्षं, त्यांतले खेळायचे मोसम चार. उरलेलं एक वर्ष अंग भरायला, डावपेच मुरायला. मोठ्या विद्यापीठांसाठी ही सोय होती, पण लहानांचा सगळा डोलाराच तिच्यावर उभा होता. त्यांच्याकडे येणारा मुलगा अठराव्या वर्षी वजनाने कमी किंवा वेगाने थोडा मागे असे, म्हणून तर तो त्यांच्या वाट्याला येई. तोच मुलगा बावीस-तेविसाव्या वर्षी मोठ्या संघातल्या एकोणीस वर्षांच्या पोरासमोर उभा राहिला की सामना तुल्यबळ होई. दुसरी फळी, म्हणजे राखीव खेळाडू, पैशाने नाही, वर्षांनी तयार होत असे.

शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेनेही लहानांना हात दिला. 1973 साली 105, 1978 मध्ये 95, 1994 पर्यंत 85. प्रत्येक कपातीनंतर मोठ्या संघांच्या बाकावर नुसतं बसून राहिली असती अशी काही मुलं खालच्या कॉन्फरन्सकडे वळली.

लास वेगासला मात्र त्याचा फारसा लाभ उठवता आला नाही. 1984 मध्ये संघाने 11 सामने जिंकले, पण अपात्र खेळाडू खेळवल्यामुळे ते विजय नंतर सोडून द्यावे लागले. 2001 ते 2022 या 22 मोसमांत विजयांची संख्या पराभवांपेक्षा जास्त असलेला मोसम एकच, 2013चा. शहरातल्या एका शाळेचा फुटबॉल संघ देशातल्या अव्वल संघांत गणला जातो, पण तिथली उत्तम मुलं गावातलं विद्यापीठ ओलांडून पुढे जातात.

2018 मध्ये दोन बदल चार-पाच महिन्यांच्या अंतराने आले, आणि ते एकत्र आले हेच महत्त्वाचं. जूनमध्ये ठरलं की चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी मोसम मोजला जाणार नाही. हेतू चांगला होता : नोव्हेंबरात जायबंदी झालेल्यांच्या जागी नव्या मुलांना उतरवता यावं, म्हणजे फळी खोल व्हावी. ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झालं. दरम्यान सप्टेंबरातच क्लेम्सन विद्यापीठाच्या अनुभवी क्वार्टरबॅकने जागा जाताच चार सामन्यांवर थांबून संघ सोडला. थांबून शिकण्यासाठी असलेलं वर्ष आता वाचवून दुसरीकडे घेऊन जाण्याची वस्तू झालं. नियम लिहिणाऱ्यांना हे दिसायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

2021च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर न खेळता सक्तीने बसणं संपलं. जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर, म्हणजे जाहिराती वगैरेंतून, पैसे मिळवता येऊ लागले. 2024 पासून बदल्यांच्या संख्येवर बंधनच राहिलं नाही. खेळाडूंच्या दृष्टीने हे न्याय्यच. प्रशिक्षक करार मोडून रातोरात जात होते, तेव्हा मुलांनाच बांधून ठेवण्यात अर्थ नव्हता. पण किंमत मोजली लहान संघांनी.

लास वेगासमध्ये हे सगळं एकाच जागेवर घडलं. 2022 मध्ये सामने न खेळता थांबलेल्या एका तरुण क्वार्टरबॅकने पुढच्या वर्षी संघाला कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. अगदी जुन्या अर्थाचा रेडशर्ट! पण 2024 उजाडताच तो लॉस एंजेलिसच्या बड्या खासगी विद्यापीठात गेला. त्याच्या जागी मॅसॅच्युसेट्सहून आणलेला खेळाडू म्हणजेच सप्टेंबरात निघून गेलेला. कबूल केलेले 1 लाख डॉलर मिळाले नाहीत, असं त्याच्या बाजूने सांगितलं गेलं. विद्यापीठाने त्याच्या प्रतिनिधीच्या मागण्या नियमांत आणि राज्याच्या कायद्यात बसत नसल्याचं म्हटलं. लेखी करार समोर आलाच नाही, आणि खरं दुखणं तिथेच आहे.

त्यानंतरच्या सामन्यात फ्रेस्नोविरुद्ध 59-14 असा विजय मिळाला. उतरला तो दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक, त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनाच्या कॅम्पबेल विद्यापीठातून आलेला. मोसमाअखेर 11 विजय जमा होते. म्हणजे फळी होती, पण ती घरात मुरलेली नव्हती, तीही पोर्टलमधूनच आली होती. डिसेंबरात मुख्य प्रशिक्षक इंडियानातल्या मोठ्या कॉन्फरन्सच्या संघाकडे गेले आणि 2025 साठी क्वार्टरबॅक व्हर्जिनियाहून आणावा लागला.

जुलै 2025 पासून खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यातली न्यायालयीन तडजोड लागू आहे. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा उरलेली नाही, संघात मात्र 105 जणच ठेवता येतात. 1973चा 105 आणि हा 105 यांत अनेकांची गल्लत होते. तेव्हा तो आकडा शिष्यवृत्त्यांचा होता, आता माणसांचा आहे. ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम (2025-26 साठी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर) थेट खेळाडूंना वाटता येते, पण लहान कॉन्फरन्समध्ये तेवढा पैसा बहुतेकांकडे नाही. आधीपासून संघात असलेल्यांना सूट मिळू शकते. पुढे येणाऱ्या वॉक-ऑनला, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय येऊन तीन वर्षं सरावात मार खात चौथ्या वर्षी मैदानात उतरणाऱ्या मुलाला, त्या 105 मध्ये जागा मिळाली तरच तो सराव करू शकेल.