महिला गटाची रेषा: साठ वर्षांचा इतिहास

१ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या क्रमवारीतील स्पर्धांत महिला गटातून उतरायचे, तर आयुष्यात एकदा एसआरवाय या, गर्भात वृषण घडण्याची सुरुवात करणाऱ्या जनुकाची चाचणी द्यावी लागते. गालाच्या आतल्या पेशी किंवा थोडे रक्त पुरते. नियम नवा आहे, पण त्यामागची कल्पना जुनी, आणि मधल्या काळात सोडूनही दिलेली.

१९६६ च्या बुडापेस्टमधील युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांपुढे विवस्त्र उभे केले गेले. पुरुष वेश बदलून पदके नेतील, ही धास्ती होती. त्यापेक्षा सभ्य मार्ग म्हणून गुणसूत्रांची चाचणी आली आणि १९६८ मध्ये ऑलिंपिकनेही ती उचलली. स्त्रीच्या पेशीतील दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय असते. सूक्ष्मदर्शकाखाली ते गडद ठिपक्यासारखे दिसते. ठिपका दिसला की स्त्री, एवढाच हिशेब.

हा हिशेब पहिल्यापासूनच चुकीचा होता. टर्नर सिंड्रोम असलेल्या स्त्रीत बहुधा एकच एक्स असतो, म्हणून ठिपका नसतो. क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेल्या पुरुषात दोन एक्स आणि एक वाय, म्हणून ठिपका असतो. ही कारणे १९५९ मध्येच शास्त्राला माहीत झाली होती. तरीही चाचणी लागू झाली, याचा मला आजही राग येतो.

किंमत मोजली ती खेळाडूंनी. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होजे मार्तिनेझ पाटिन्यो १९८५ मध्ये कोबे येथे या चाचणीत नापास झाली. तिची गुणसूत्रे सर्वसाधारण पुरुषासारखी एक्स-वाय होती, पण तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाला दादच देत नव्हत्या. म्हणजे ज्या संप्रेरकाचा फायदा मिळेल अशी भीती होती, त्याचा तिला काडीचाही उपयोग नव्हता. तरी तिची शिष्यवृत्ती आणि विक्रम गेले, खासगी गोष्ट वृत्तपत्रांत छापली गेली. ती लढली आणि १९८८ मध्ये तिला पुन्हा धावण्याची मुभा मिळाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिलांपैकी आठ जणींचे निकाल वेगळे आले; आठही जणींना खेळू दिले गेले. १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने सरसकट चाचणी थांबवली.

मग मोजमाप संप्रेरकाकडे वळले. २००९ मध्ये बर्लिनला ८०० मीटर जिंकणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या कास्टर सेमेन्याच्या स्त्रीत्वाची जगभर जाहीर चर्चा झाली. ती तेव्हा अवघी अठरा वर्षांची होती. २०११ मध्ये टेस्टोस्टेरॉनची मर्यादा ठरली. भारतीय धावपटू द्युती चंदने या मर्यादेला आव्हान दिले आणि २०१५ मध्ये खेळातील वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने पुरावा अपुरा म्हणून ती स्थगित केली. २०१९ मध्ये त्याच लवादाने सेमेन्याविरुद्ध निकाल दिला: टेस्टोस्टेरॉन मर्यादेचा नंतर आलेला नवा नियम भेदभाव करतो, पण आवश्यक आहे.

स्वतंत्र महिला गटाची गरज मला पटते. वयात येताना वाढणाऱ्या टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू आणि हाडांत मोठा फरक पडतो; गट वेगळे नसते तर बहुतेक स्त्रिया अंतिम फेरीपर्यंतही पोहोचल्या नसत्या. पण गट समाजाने केला आहे, आणि त्याची सीमा कुठे असावी हे कुठलीही पेशी सांगत नाही.

एसआरवाय जनुक १९९० मध्ये सापडले. गर्भात वृषण घडण्याची सुरुवात ते करते. पुढे शरीर संप्रेरकाला कसा प्रतिसाद देईल, हे त्यावरून कळत नाही. ते शोधणाऱ्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच खेळातील या चाचणीला जाहीर विरोध केला आहे. आणि पाटिन्योसारख्या, टेस्टोस्टेरॉनला पूर्णपणे असंवेदनशील असलेल्या स्त्रियांसाठी नव्या नियमातही अपवाद ठेवावा लागला आहे.