साठ दिवसांची बंदी आणि रक्तातला पुरावा

फवारणीच्या दिवसांत कृषी केंद्रासमोर एक वाक्य हमखास कानावर येतं: "बंदी उठली ना भाऊ, मंग आता कायचं भेव?" साठ दिवस एखादं कीटकनाशक विकायला मनाई होती आणि एकसष्टाव्या दिवशी ते पुन्हा फळीवर दिसलं, की लोक समजतात, मधल्या काळात कोणीतरी तपासलं असेल आणि माल निर्धोक निघाला असेल. तसं नसतं. का नसतं, हे कळायला कायद्याचं एक कलम आणि आपल्या शरीरातलं एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्याने घडवणारं प्रथिन), दोन्ही समजून घ्यावी लागतात.

२०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसं दगावली. त्या वर्षी बऱ्याच वावरांत पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. एरवी खाली धरायची नळी वर धरावी लागत होती आणि फवारा तोंडावर, छातीवर, घामाने भिजलेल्या सदऱ्यावर बसत होता. नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशिम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली: मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीनचं मिश्रण आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण.

हा साठचा आकडा १९६८ च्या कीटकनाशक कायद्यातला आहे. माणसांना किंवा जनावरांना धोका संभवतो आणि ताबडतोब पाऊल उचलणं गरजेचं आहे असं सरकारचं मत झालं, तर लेखी कारणं नोंदवून राजपत्रात अधिसूचना काढायची आणि ठरावीक भागात विक्री, वितरण किंवा वापर थांबवायचा, असं त्याचं कलम २७ सांगतं. सिद्ध झालेला पुरावा त्यासाठी लागत नाही, आणि ते योग्यच आहे. माणसं अतिदक्षता विभागात असताना प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघत बसता येत नाही. पण ही बंदी 'चौकशी होईपर्यंत' असते. ६० दिवस, चौकशी अपुरी राहिली तर आणखी जास्तीत जास्त ३० दिवस. त्यानंतर राज्याचे हात बांधलेले. कीटकनाशकाची नोंदणी रद्द करून ते कायमचं बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकार नोंदणी समितीशी सल्लामसलत करून घेतं. म्हणजे त्या नव्वद दिवसांत पुरावा जमला नाही, तर बंदी आपोआप संपते. माल निर्धोक आहे असं तोवर कोणीही म्हटलेलं नसतं.

आता पुरावा म्हणजे काय, ते पाहू. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचतो तेव्हा मज्जातंतूचं टोक ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतं आणि स्नायू आकसतो. पुढचा हुकूम नीट पोहोचायचा तर आधीचं ॲसिटिलकोलीन तिथून हटायला हवं. ते काम ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर करतं. त्याचा वेग वाचून मी दर वेळी थक्क होतो: एकेक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन तोडतो. जिथे हे काम चालतं ती जागा विकराच्या पोटात, सुमारे २ नॅनोमीटर खोल अशा अरुंद विहिरीच्या तळाशी असते. तळाला सेरीन नावाचं अमिनो आम्ल. ॲसिटिलकोलीन खाली उतरतं, त्याचा ॲसिटिल तुकडा सेरीनला चिकटतो, कोलीन सुटतं आणि पाण्याचा रेणू येऊन तो तुकडा काढून टाकतो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळात.

मोनोक्रोटोफॉस त्याच विहिरीत उतरतं आणि सेरीनवर फॉस्फेटचा तुकडा ठेवून जातं. पाणी हाही तुकडा काढू शकतं, पण त्याला तास, दिवस लागतात. तोवर ॲसिटिलकोलीन साचत जातं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ, अश्रू, घाम थांबत नाही, फुप्फुसांत पाणी भरतं, स्नायू फडफडतात आणि मग ढिले पडतात. मोनोक्रोटोफॉसच्या, म्हणजे ऑर्गेनोफॉस्फेट (फॉस्फरसयुक्त) कुळातल्या काही कीटकनाशकांत फॉस्फरसला गंधक जोडलेला असतो. यकृताने गंधक काढून ऑक्सिजन बसवला की मगच ती जहाल होतात. मोनोक्रोटोफॉसमध्ये ऑक्सिजन आधीपासूनच आहे, त्यामुळे तेवढीही उसंत मिळत नाही.

यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. सेरीनवर बसलेल्या फॉस्फरसला दोन मिथाइल गट जोडलेले असतात. त्यांतला एक काही वेळाने गळतो, उरलेल्या भागावर ऋण प्रभार येतो आणि तो विकराला कायमचा जखडून बसतो. प्रॅलिडॉक्झिम हे औषध फॉस्फेट ओढून काढू शकतं, पण हा गट गळण्याआधीच. मिथाइल गटवाल्या विषांत बाधित विकरांपैकी अर्धी सुमारे पावणेचार तासांत अशी कायमची बाद होतात. इथिल गटवाल्यांत त्याला तीस तासांहून जास्त लागतात. म्हणून रुग्णाला आधी दूध-तूप पाजणं, चिंचेचं पाणी देणं, उतारा काढायला मांत्रिकाकडे नेणं जीवघेणं आहे. कातडीतून आत गेलेलं आणि विकराला चिकटलेलं फॉस्फेट यातल्या कशानेही निघत नाही, हातातले तास मात्र जातात. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, कीटकनाशकाचा डबा सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. उशीर झाला असला तरी गाठा. ॲट्रोपिन हे दुसरं औषध विकर दुरुस्त करत नाही, पण फुप्फुसांत भरणारं पाणी थांबवतं.

हेच विकर तांबड्या रक्तपेशींवरही असतं. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, त्यामुळे बाद झालेलं विकर ती नव्याने बनवू शकत नाही. पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवस, म्हणून पातळी दिवसाला साधारण एक टक्क्याने भरून येते. फवारणीनंतर कित्येक आठवडे पुरावा रक्तात टिकतो. डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड या विकराला बाद करत नाहीत, त्यामुळे लक्षणं आहेत पण विकर शाबूत आहे, हीसुद्धा चौकशीला दिशा देणारी माहिती ठरते.

अडचण एवढीच की माणसामाणसांत या विकराची मूळ पातळी बरीच वेगळी असते. एखाद्याचं एक तृतीयांश विकर बाद झालं तरी त्याचा आकडा अहवालात 'नॉर्मल'च्या चौकटीत बसू शकतो. म्हणून हंगामाआधीचा आकडा हवा. कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून तसा नियम आहे. अशी विषं नियमित हाताळणाऱ्या कामगाराची मूळ पातळी आधी मोजतात. नंतरची पातळी त्या मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेली की कामाची पद्धत तपासतात. तांबड्या पेशींतली पातळी ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातली ६० टक्क्यांवर आली की त्याला त्या कामावरून काढून दुसरं काम देतात.

आपल्याकडे असा आकडा नसतो, म्हणून दोष मेलेल्याच्या माथी मारणं सोपं जातं. दारू पिऊन फवारत होता, खर्रा खात होता, वाऱ्याच्या उलट चालत होता. यातली एखादी गोष्ट खरी असेलही, पण तिचा आणि विषाचा वाटा किती, हे रक्त तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्राने बंदी आणली ती २०२३ मध्ये, तीही शिल्लक माल खपवायला मुदत देऊन. त्याच्या दहा वर्षं आधी, २०१३ मध्ये, बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात हेच विष मिसळलं जाऊन २३ मुलं गेली होती.

बोटातल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत हे विकर मोजणारी, हातात मावणारी यंत्रं आता मिळतात. जूनमध्ये पेरणीच्या आगेमागे, पहिला पंप पाठीवर चढण्याआधी, फवारणी करणाऱ्या मजुरांचा आकडा प्राथमिक आरोग्य केंद्राने नोंदवून ठेवावा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा मोजावा. विषबाधेच्या घटना सरकारला कळवण्याची सक्ती याच कायद्याच्या कलम २६ खाली करता येते. तेव्हा हे दोन आकडे त्या कळवण्याच्या नमुन्यातच मागवावेत, म्हणजे पुढची साठ दिवसांची अधिसूचना निघेल त्या दिवशी चौकशीची अर्धी फाईल तयार असेल.