परदेशी औषधं न्यायची आहेत? आधी चिठ्ठी नवी करून आणा

उन्हाळा जवळ आला की आमच्या कोथरूडच्या दुकानात एकच मागणी दिवसातून चार-पाच वेळा येते : "मुलाकडे सहा महिने चाललोय, सगळ्या गोळ्या भरून द्या. परवा रात्रीचं विमान आहे." गोळ्या काढून द्यायला फार वेळ लागत नाही. काम अडतं ते चिठ्ठीपाशी, आणि मग ऐन बॅगा भरायच्या दिवशी तुम्हाला डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावून बसावं लागतं.

बहुतेकांकडे असते ती मागच्या वर्षीची चिठ्ठी, नाहीतर फोनमधला तिचा फोटो. वर 'जोशी काकू', खाली टेल्मा, ग्लायकोमेट, थायरोनॉर्म, इकोस्प्रिन आणि शेवटी 'एक महिना'. डॉक्टर तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखतात, म्हणून त्यांनी तसं लिहिलं. पण परक्या विमानतळावर बॅग उघडली, तर पासपोर्टवरचं नाव आणि चिठ्ठीवरचं नाव जुळलं पाहिजे. ही औषधांची नावंही इथल्या कंपन्यांनी ठेवलेली आहेत. न्यू जर्सीतल्या फार्मसीत टेल्मा म्हणून कळणार नाही, टेल्मिसार्टन म्हटलं की लगेच कळेल. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटॅमिनोफेन होतं. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. आपल्याकडे ती ७५ मिलिग्रॅमची मिळते, तिकडे ८१ ची. बॅग हरवली किंवा मुक्काम वाढला, तर तिथल्या डॉक्टरांना या मूळ नावांवरूनच पुढचं औषध ठरवता येतं.

म्हणून प्रवासाची चिठ्ठी वेगळी लिहून घ्या. पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, आजार, प्रत्येक औषधाचं जेनेरिक म्हणजे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि एकूण किती दिवसांसाठी, हे सगळं इंग्रजीत आणि वाचता येईल असं हवं. तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही हवा. डॉक्टरांना याला दहा मिनिटं पुरतात, फक्त आपण आठवणीने सांगावं लागतं.

'एक महिना' लिहिलेल्या चिठ्ठीवर सहा महिन्यांचं औषध आम्ही देत नाही, याचा काहींना राग येतो. आम्ही चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच देतो. झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या सरकारी यादीतल्या औषधांची तर २०१४ पासून वेगळी नोंदवही ठेवावी लागते. डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि दिलेली संख्या लिहून ती नोंद ३ वर्षं जपायची असते. तिथे जुनी ओळख चालत नाही, आणि चालू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

आता किती न्यायचं ते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची पाहुण्यांसाठीची सूचना साधारण ९० दिवसांच्या औषधांची आहे. त्याहून जास्त राहणार असाल, तर पुढची औषधं मागाहून टपालाने किंवा कुरिअरने पाठवता येतात. त्या पार्सलसोबत चिठ्ठी, डॉक्टरांचं पत्र आणि व्हिसा-पासपोर्टच्या प्रती लागतात. या प्रती जाण्याआधीच घरी कोणाकडे तरी ठेवून जा.

दुबईला जाणाऱ्यांनी जास्त जपावं. गुडघेदुखीच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. अशा अफूच्या वर्गातल्या औषधांना तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. सिंगापूरला अल्प्राझोलामसाठीही आधी परवानगी लागते. जपानला एक महिन्यापेक्षा जास्त दिवसांची चिठ्ठीवरची औषधं न्यायची तर आधी प्रमाणपत्र काढावं लागतं. आणि औषधांचा विषय नसला तरी सांगतो : दुबईला खसखस नेण्यास मनाई आहे, म्हणजे लेकीसाठी केलेले अनारसेही घरीच राहू द्या.

गोळ्या पट्टीतून काढून वारांच्या डबीत भरून नेऊ नका. रिकामी डबी सोबत घ्या आणि तिकडे पोचल्यावर भरा. पट्टी कापायची वेळ आली, तर औषधाचं नाव आणि एक्स्पायरी छापलेला भाग शाबूत ठेवा. आम्हीही प्रवासाच्या ऑर्डरला शक्यतो अख्ख्या पट्ट्याच देतो.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. त्याला बर्फ थेट लागू देऊ नका. इन्सुलिनची वेळ तिकडच्या घड्याळाशी कशी जुळवायची, हे डॉक्टरांनाच विचारा.

निघायच्या किमान १० दिवस आधी आलात, तर लांबच्या एक्स्पायरीचा आणि शक्यतो एकाच बॅचचा माल होलसेलरकडून मागवता येतो. आदल्या दिवशी आलात, तर दुकानात असेल तेवढंच मिळतं. ऑर्डरसोबत आम्ही औषधांची टाइप केलेली यादी देतो. त्यात इथलं नाव, जेनेरिक नाव, मिलिग्रॅम, रोजचा डोस, बॅच आणि एक्स्पायरी असते. यादीचे आणि बिलाच्या दुसऱ्या प्रतीचे पैसे घेत नाही. इन्सुलिनसाठी थंड पाऊचही दुकानात मिळतं.

दुपारी १ ते ४ शटर खाली असतं, तेव्हा आम्ही आत प्रवासाच्या ऑर्डरीच मोजत असतो. सकाळी चिठ्ठी आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स देऊन गेलात, तर माल आल्यावर फोन करतो.