कामगार कपात : 'कारण कोणतंही असो' या शब्दांचा ३७ वर्षांचा वाद

कपातीचं पत्र हातात पडलं की माणूस पहिल्यांदा विचारतो, माझं काम तर चालूच आहे, मग मी जादा कसा झालो? कामगार न्यायालयात मात्र हा प्रश्न बऱ्याचदा सगळ्यात शेवटी निघतो, कधीकधी निघतच नाही. नोटीस आणि भरपाईचा हक्क मिळायला लागणारे वर्षातले २४० दिवस काम भरलं होतं का, महिन्याची नोटीस दिली का, भरपाई त्याच दिवशी दिली का, ज्येष्ठता यादीत तुमच्या खाली कोण होतं, एवढ्यावरच बहुतेक प्रकरणं लढवली जातात. हे असं का झालं ते कळायला कपातीच्या व्याख्येचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो मुख्यतः १९५३ ते १९९० या काळातला आहे.

त्याआधी वाद नव्हते असं नाही. मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली जो सहा महिन्यांचा संप झाला, त्याच्या मुळाशी विणकराने दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, चालवायचे, हीच योजना होती. साचे तेवढेच राहणार आणि माणसं कमी होणार, हे कामगारांनी ओळखलं होतं. पण १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आला, तेव्हा त्यात कपात म्हणजे काय हे लिहिलेलं नव्हतं. १९५३ साली कापड गिरण्यांत माल साचला, हजारो लोकांना घरी बसवण्याची वेळ आली, तेव्हा सरकारने घाईने वटहुकूम काढला आणि मागोमाग दुरुस्ती केली. २४ ऑक्टोबर १९५३ पासून कायद्यात नवं प्रकरण आलं.

त्यात दोन शब्दांच्या व्याख्या झाल्या. एक ले-ऑफ, दुसरा कपात. हल्ली बातम्यांत नोकरी गेली की सरसकट 'ले-ऑफ' म्हणतात, पण कायद्यातला ले-ऑफ तात्पुरता असतो. कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र बिघडलं म्हणून काम देता येत नाही, पण नाव मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, राहतं आणि मूळ वेतन व महागाई भत्त्याचा निम्मा भाग मिळतो. नाव मस्टरवरून उतरलं की ती कपात. हा फरक न कळल्याने 'आम्हाला ले-ऑफ दिलाय' असं समजून लोक गप्प बसतात आणि मुदती निघून जातात.

कपातीची व्याख्या अशी होती : मालकाने कामगाराची सेवा संपवणं, कारण कोणतंही असो, फक्त शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नव्हे. स्वेच्छानिवृत्ती, वयोमानानुसार निवृत्ती आणि सततचं आजारपण एवढंच वगळलेलं. सगळा घोळ 'कारण कोणतंही असो' या शब्दांचा आहे. बोलण्यातली कपात म्हणजे जादा झालेली माणसं कमी करणं. कायद्याच्या अक्षरात मात्र जादा हा शब्दच नाही. मग न्यायालयाने कशाला धरायचं, बोलण्यातल्या अर्थाला की लिहिलेल्या अक्षराला?

याचं पहिलं मोठं उत्तर आपल्याच भागातल्या एका प्रकरणात मिळालं. बार्शी लाइट रेल्वे ही कंपनीच्या मालकीची अरुंद रुळांची गाडी, कुर्डुवाडीहून बार्शीकडे आणि पंढरपूरकडे जाणारी. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती ताब्यात घेतली. कंपनीने आपल्या कामगारांना आधीच नोटीस देऊन ३१ डिसेंबर १९५३ च्या दुपारपासून सेवा संपल्याचं कळवलं होतं. बहुतेकांना सरकारने कामावर घेतलं. कामगारांचं म्हणणं सरळ होतं. कंपनीने आमची सेवा संपवली, कारण कोणतंही असो, म्हणजे ही कपातच, तेव्हा कायद्यातल्या नव्या प्रकरणाप्रमाणे दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्या.

सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी हे अमान्य केलं. 'कारण कोणतंही असो' हे शब्द मान्य, पण ते कपातीच्या नेहमीच्या अर्थाच्या आतच वाचायचे. धंदा चालू आहे आणि त्यातली जादा माणसं काढली, तरच कपात. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे. त्याच सुमारास एका साखर कारखान्याच्या प्रकरणातही असाच अर्थ लावला गेला होता.

हा निकाल संसदेला किती लागला ते एका तारखेवरून दिसतं. १९५७ साली दुरुस्ती झाली, मालकी बदलली किंवा धंदा बंद झाला तरी भरपाई मिळेल अशी कलमं आली, आणि ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून लागू धरली गेली, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. मात्र मूळ व्याख्येला संसदेने हात लावला नाही. तो लावला असता तर पुढची तीन दशकं वाचली असती, असं मला वाटतं.

दरम्यान दुसऱ्या अंगाने कामगारांची बाजू भक्कम होत गेली. मुंबईतल्या सरकारी रुग्णालयातल्या दोन वॉर्ड-नोकरांना भरपाई न देता कमी केलं होतं. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोटीस आणि भरपाई या कपातीच्या आधीच्या अटी आहेत, त्या पाळल्या नाहीत तर कपातच रद्द. बंगालमधल्या एका पोलाद कंपनीचं पत्र तर पाठ करून ठेवावं असं आहे. १५ नोव्हेंबर १९५८ चं पत्र, १७ नोव्हेंबरपासून सेवा समाप्त, आणि नोटिशीऐवजी देय असलेला एक महिन्याचा पगार २० तारखेला किंवा त्यानंतर कॅश ऑफिसातून घेऊन जावा. तीन दिवसांचा फरक. १९६७ साली ठरलं की हे चालणार नाही. माणूस ज्या दिवशी काढला, पैसे त्या दिवशीच. आजही वकील पत्र हातात घेतल्यावर आधी त्यावरच्या तारखा बघतो, त्या सवयीचं मूळ इथे आहे.

ज्येष्ठता यादीचंही तसंच. शेवटी आलेला आधी जाईल, हे तत्त्व कायद्यात आहे, आणि नियम सांगतात की कपातीच्या किमान सात दिवस आधी त्या वर्गातल्या सगळ्यांची यादी फलकावर लावायची. ही यादी म्हणजे कपात प्रामाणिक आहे की नाही ते दाखवणारा सगळ्यात स्वस्त कागद. नाव, रुजू तारीख आणि वर्ग एवढंच त्यात असतं. ज्याला काढायचंच ठरलंय त्याचा 'वर्ग' एकाएकी बदललेला असतो. आठ वर्षांचा माणूस एका वेगळ्या वर्गात एकटाच उरतो, आणि एकटा असल्यामुळे तोच शेवटचा ठरतो. क्रम मोडायचा असेल तर मालकाने कारणं नोंदवायची असतात. ती नोंद मागितली, की बऱ्याच ठिकाणी नंतर तयार केलेली निघते.

व्याख्येचा प्रश्न पुन्हा उघडला तो १९७६ साली. एका बँकेने एका कॅशियरला मधूनमधून तुटक नेमणुका दिल्या होत्या. शेवटची नेमणूक नऊ दिवसांची, पण सगळे मिळून २४० दिवस भरलेले. मुदत संपली, काढलं नाही, असं बँकेचं म्हणणं. न्यायालयाने शब्द अक्षरशः घेतले. नेमणुकीच्या कागदातच शेवट लिहून ठेवला असला तरी तो मालकानेच लिहिला आहे, म्हणजे सेवा संपवणं मालकाचंच, म्हणजे कपात. पुढच्या सहा वर्षांत मस्टरवरून नाव खोडणं आणि नोकरीत कायम होण्याच्या परीक्षेत नापास झाली म्हणून एखादीला कमी करणं, हेही कपातीत आलं. २४० दिवस भरू न देता मध्ये 'ब्रेक' द्यायचा, ही कारखान्यांतली जुनी युक्ती. तिच्यात अडकलेल्या हजारो लोकांना या निकालांनी आधार दिला.

पण आता गुंता झाला. बार्शीचा निकाल पाच न्यायमूर्तींचा, तो मोडलेला नाही. नंतरचे निकाल लहान पीठांचे, ते उलट्या दिशेला. मालकांचे वकील पहिला दाखवायचे, कामगारांचे दुसरे. सरकारने १९८४ साली व्याख्येतून आणखी एक गोष्ट वगळली : कराराची मुदत संपून त्याचं नूतनीकरण न होणं. तुटक नेमणुकांच्या बाबतीत जे १९७६ मध्ये मिळालं होतं, त्यातलं बरंचसं या एका उपकलमाने परत गेलं. शेवटी ४ मे १९९० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवाडा केला. कपात म्हणजे कोणत्याही कारणाने सेवा संपवणं, स्पष्टपणे वगळलेले अपवाद सोडून. बार्शीचा निकाल बंद किंवा हस्तांतरित झालेल्या धंद्यापुरता मानला गेला. व्याख्या लिहिली गेल्यापासून तिचा अर्थ पक्का व्हायला ३७ वर्षं गेली.

कामगार चळवळीत या निकालाचं स्वागत झालं आणि ते योग्यच होतं. तरीही त्याची दुसरी बाजू मला सलते. कपात म्हणजे कोणत्याही कारणाने काढणं असं एकदा ठरलं, की काम खरंच उरलं नव्हतं का हा प्रश्न व्याख्येतूनच गळतो. जादा नसलेल्या माणसालाही महिन्याची नोटीस दिली, वर्षाला १५ दिवस मोजले, यादी नीट लावली, सरकारला कळवलं, की कागदोपत्री सगळं बरोबर. जी व्याख्या नऊ दिवसांच्या कॅशियरला तारून गेली, तिनेच वीस वर्षांच्या सुपरवायझरची तक्रार अवघड करून ठेवली. त्यात १९६० च्या दशकातच दुसरी एक ओळ पक्की झालेली होती. धंद्याची फेररचना कशी करायची हा मालकाचा अधिकार, ती प्रामाणिक असेल तर लवादाने तिच्या शहाणपणात शिरायचं नाही. म्हणजे कामगाराकडे एकच वाट उरते, ती म्हणजे फेररचना प्रामाणिक नव्हती हे दाखवणं.

महाराष्ट्रात त्यासाठी वेगळं हत्यार आहे. अनुचित कामगार प्रथांविषयीचा राज्याचा १९७१ चा कायदा, जो ८ सप्टेंबर १९७५ पासून अंमलात आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीची पहिलीच बाब सूडबुद्धीने, सद्भावनेविना, अधिकाराचा देखावा करून काढण्याविषयी आहे. इथे 'जादा' हा शब्द खरा आहे का ते विचारता येतं. युनियनच्या सभेनंतर किती दिवसांनी पत्र आलं, त्याच महिन्यात त्याच कामासाठी कंत्राटदाराची माणसं आत आली का, ओव्हरटाइम चालू होता का. मात्र तक्रार ९० दिवसांत करायची. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं. 'साहेब म्हणाले परत घेतो' या आशेवर हे तीन महिने कसे जातात, ते मी जवळून पाहिलंय.

राजीनाम्याचा प्रश्न याला लागूनच येतो. महाराष्ट्रातल्या एका ट्रक वाहतूक कंपनीने कामगारांचे राजीनामे घेऊन त्यांनाच ठेक्याने ट्रक चालवायला दिले होते. राजीनामे स्वखुशीचे ठरले आणि १९६७ साली कामगार सर्वोच्च न्यायालयात हरले. राजीनामा दिला की सेवा संपवणारा मालक उरतच नाही, आणि व्याख्येचा पायाच निघून जातो. आजच्या कचेऱ्यांत एचआरच्या खोलीत बसवून 'राजीनामा द्या, रिलीव्हिंग लेटर नीट देऊ' असं सांगितलं जातं, त्याचं कारण हेच. सहीआधी तो कागद बाहेर नेऊ देत नाहीत. दबावाने सही केली असेल तर लगेच, शक्यतो त्याच दिवशी, ईमेलने तसं कळवलेलं पुढे फार कामी येतं. कपातीचं संरक्षण कायद्यातल्या 'कामगारा'लाच असलं, तरी पदाच्या नावाने घाबरून जाण्याचंही कारण नाही. कार्डावर मॅनेजर लिहिलं म्हणून माणूस कामगार राहत नाही असं नाही, प्रत्यक्ष काम काय होतं ते पाहिलं जातं.

बाकीचा इतिहास थोडक्यात. १९६५ पासून एकट्या माणसाची नोकरी जाणं हाही औद्योगिक विवाद मानला जाऊ लागला, युनियनने पाठीशी उभं राहण्याची अट गेली. आणीबाणीत, ५ मार्च १९७६ पासून, ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना कपातीआधी सरकारची परवानगी लागू लागली. १९८४ मध्ये हा आकडा १०० वर आला. २००२ च्या एका निकालाने २४० दिवस सिद्ध करण्याचा भार कामगारावर टाकला, नुसतं प्रतिज्ञापत्र पुरेसं नाही असं सांगितलं. मस्टर मालकाच्या कपाटात, पुरावा मागायचा कामगाराकडे. म्हणून मस्टर हजर करा असा अर्ज लवकर देणं महत्त्वाचं. २०१० पासून समेट अधिकाऱ्याकडे ४५ दिवस वाट पाहून थेट न्यायालयात जाता येऊ लागलं, मुदत तीन वर्षांची. आणि त्याच काळात न्यायालयांचा कलही बदलला. रोजंदारीवरच्या माणसाची कपात बेकायदा ठरली तरी पुन्हा कामावर घेण्याऐवजी एकरकमी भरपाई देण्याकडे निकाल झुकू लागले.

१९४७ च्या कायद्याची जागा घेणारी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. परवानगीचा आकडा पुन्हा ३०० वर गेला. वैयक्तिक तक्रारीची मुदत तीनवरून दोन वर्षं झाली. ठरावीक मुदतीच्या नोकरीची मुदत संपणं व्याख्येबाहेर स्पष्टपणे ठेवलं गेलं. नवी गोष्ट म्हणजे कपात झालेल्यासाठी पुनर्कौशल्य निधी, त्यात मालकाने १५ दिवसांचा पगार भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा. 'कारण कोणतंही असो' हे शब्द व्याख्येत तसेच राहिले आहेत.

एका बदलाची चर्चा मात्र फारशी झालेली दिसत नाही. जुन्या कायद्यात मालकाने पुन्हा भरती केली तर आधी कपात झालेल्यांना बोलावण्याचं बंधन होतं आणि त्याला काळाची मर्यादा लिहिलेली नव्हती. माणूस खरंच जादा होता की नाही, हे त्याच्या जागी पुढे कोण आलं यावरूनच सगळ्यात स्वच्छ कळतं, आणि जुन्या कलमाने ते बघायला भरपूर अवधी दिला होता. संहितेत हे बंधन कपातीपासून एका वर्षापुरतं आहे. तेराव्या महिन्यात त्याच मशीनवर नवा माणूस उभा राहिला, तर या कलमाखाली जुन्याला बोलावण्याचं बंधन मालकावर राहत नाही.