स्पीडगोट 5 की 6? आधी नंबराचा घोळ सोडवू

पुतण्यानं मोबाइल पुढे केला. "काका, पाच घेऊ का सहा?"
"तुले तं आठ लागते ना?"

तो हसत सुटला. तो पायाच्या मापाचं विचारत नव्हता. होका कंपनीच्या स्पीडगोट नावाच्या ट्रेल, म्हणजे माती-दगडाच्या वाटेवर पळायच्या, जोड्याचं 5 नंबरचं मॉडेल घ्यायचं की 6 नंबरचं, हा त्याचा प्रश्न होता. माझ्या डोक्यात चपलेच्या दुकानातला नंबर होता. पण हा घोळ एकट्या माझा नाही. खोक्यावर माप तीन तऱ्हांनी छापलेलं असतं, अमेरिकी, ब्रिटिश अन् युरोपी, त्यात मॉडेलचा आकडा वेगळाच. आपल्याकडची दुकानं बहुधा ब्रिटिश मापानं बोलतात. पुरुषांच्या जोड्यात अमेरिकी आकडा त्याहून अर्धा-एकनं मोठा असतो. ऑर्डर टाकताना कोणता आकडा कशाचा, हे बोट ठेवून वाचा.

आता मॉडेलचं. हा जोडा अमेरिकेचा अल्ट्रारनर, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब पळणारा, कार्ल मेल्ट्झर याच्या टोपणनावावरून ओळखला जातो. पाचवं मॉडेल 2022 मध्ये आलं, सहावं 2024 मध्ये. फोटोत दोन्ही सख्खे भाऊ दिसतात. तळही जवळपास सारखाच: व्हिब्रम कंपनीचं मेगाग्रिप नावाचं रबर अन् 5 मिलिमीटरचे दाते. म्हणजे "नव्याची पकड जास्त असेल" या आशेनं 6 घेणार असाल, तर पैसे खिशातच ठेवा.

फरक आहे तो मधल्या फोममध्ये. 5 चा फोम मऊ, पाय टेकला की दबतो. 6 चा कडक. जुन्या मॉडेलवर जीव जडलेल्या कित्येकांना तो कडकपणा पहिल्याच दिवशी खटकला. माझ्या मते यात चांगलं-वाईट काही नाही, जमीन कोणती ते बघायचं. आमची पळण्याची वाट म्हणजे संत्र्याच्या बागांमधून जाणारी पांदण. दिवाळी उलटली की ती मुरमासारखी टणक होते, मध्येच काळ्या दगडाची टोकं वर आलेली. अशा जागी दहा-बारा किलोमीटर सावकाश पळणाऱ्याच्या गुडघ्याला मऊ फोम बरा. याउलट चिखलदऱ्याकडच्या उतारावर मऊ जोड्यात पाय डुगडुगतो. तिथं कडक 6 पायाला नीट धरून ठेवतो.

वजनात 6 हलका: पुरुषांच्या अमेरिकी 9 मापात 5 सुमारे 290 ग्रॅम, 6 सुमारे 278. टाच अन् चवड्याच्या उंचीतला फरक 5 मध्ये 4 मिलिमीटर, 6 मध्ये 5. यावरून रात्र जागू नका, पायाला ते कळत नाही.

वरच्या कापडाचा मात्र विचार करा, कारण आपल्याकडे कुसळं आहेत. पावसाळा सरला की धुऱ्यावरचं गवत वाळतं, अन् कुसळ जाळीतून शिरून मोज्यात जे बसतं ते घरी येऊन सुईनं काढावं लागतं. 5 चं कापड जाळीदार आहे, 6 चं विणलेलं, जरा घट्ट. कुसळं दोन्हीत शिरतील, 6 मध्ये थोडी कमी, असा माझा अंदाज. कापलेल्या पऱ्हाटीचे अन् तुरीचे खुंट ही खरी भीती. जाड तळामुळे खालून बचाव होतो, बाजूनं घुसलेल्या खुंटापुढे कोणताच जोडा टिकत नाही. वावरातून आडवं पळायचंच कशाला?

आता दुसरा सापळा, मला यातच जास्त लोक फसताना दिसतात. त्याच नावाला मागे "जीटीएक्स" असं शेपूट लावलेला जोडा मिळतो, 5 मध्येही अन् 6 मध्येही. त्यात गोरटेक्सचा पातळ पडदा असतो: बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, घामाची वाफ बाहेर सोडायची. वाचून वाटतं, पावसाळ्याला हाच पाहिजे. मलाही तसंच वाटलं होतं, अन् दुसऱ्या एका कंपनीचा असा जोडा मी घेतला होता. पहिल्याच नाल्यात पाणी घोट्यावरून आत गेलं. बाहेरून न येणारं पाणी आतून जातही नाही, हे तेव्हा उमजलं. घरापर्यंत दोन लोटे पायात घेऊन पळालो. साध्या जोड्यात पाणी शिरतं खरं, पण पावलागणिक बाहेरही पिचकतं. शिवाय वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी लागते. श्रावणातल्या उकाड्यात ती कुठून आणायची? हिवाळ्यातल्या पहाटेच्या दवापुरता जीटीएक्स ठीक. बाकी आपल्या हवेला साधाच.

काळ्या मातीचं काय, हे कोणी विचारेलच. पाऊस पडून गेला की ती चिकणमाती फुगते अन् दात्यांत अशी बसते की शंभर पावलांत जोड्याखाली दुसरा जोडा तयार. तिथं 5 अन् 6 सारखेच हतबल. त्या दिवशी मी डांबरी रस्ता धरतो.

पुतण्याची खरी तयारी पोलीस भरतीची. तिथं मुलांना मैदानावर 1600 मीटर पळायचं असतं, त्याला यातला एकही जोडा नको. हलका, सपाट तळाचा साधा रनिंग शूज पुरतो. पण त्याला आता लांब पळण्याचा नाद लागला आहे. किंमत दहा हजारांच्या वर, म्हणजे कापसाच्या क्विंटलाची भाषा. नवं मॉडेल आलं की जुनं सवलतीत मिळतं, म्हणून मी त्याला 5 सांगितला, साधा. माल फार वर्षं गोदामात पडलेला नसावा, एवढं बघ म्हटलं. फोम न वापरताही म्हातारा होतो.

मॉडेल बरोबर, माप बरोबर, शेपूट नाही. सगळं ऐकून त्यानं ऑर्डर टाकली, अन् रंग निवडला पांढरा.