तारेचे वेटोळे

धातूची तार एका बिंदूभोवती एकाच पातळीत फिरवत नेऊन केलेल्या शोभेच्या घटकाला दागिन्यांच्या कामात वेटोळे म्हणतात. शास्त्रीय लेखनात त्यास सर्पिल अशी संज्ञा आहे. दांडीवर तार गुंडाळून होणारे मळसूत्री वेढे याहून वेगळे, कारण त्यांत तार एका पातळीत न राहता पुढे सरकते. अनेक वेढ्यांची जोडवी ही या दुसऱ्या प्रकारातील होत.

वेटोळ्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदडो व चन्हुदडो या स्थळी माथ्यावर दोन वेटोळी असलेल्या तांब्याच्या पिना सापडल्या. पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट पिगट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास अशा पिनांचा संबंध पश्चिम आशियाशी जोडला. तथापि तार वळवण्याची क्रिया इतकी सहज आहे, की ती अनेक प्रदेशांत स्वतंत्रपणे सुचली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याहून बिकट प्रश्न तारेचाच आहे. प्राचीन सोन्याच्या पुष्कळ तारा पत्र्याची अरुंद पट्टी पिळून व घोळवून केलेल्या असून भिंगाखाली त्यांच्या अंगावर तिरकी फिरत गेलेली सांध दिसते. जंत्रीच्या, म्हणजे तार ओढण्याच्या धातूच्या पट्टीच्या, भोकांतून ओढलेल्या तारेवर मात्र लांबीला समांतर ओरखडे असतात. प्राचीन तारकामाच्या अभ्यासक डायान ली कॅरोल यांनी १९७२ मध्ये तार ओढण्याची कला बरीच जुनी असल्याचे प्रतिपादन केले, तर दुसरे अभ्यासक अँड्र्यू ऑडी यांनी १९७७ मध्ये तारांच्या पृष्ठभागाच्या तपासणीवरून तिचा सर्रास वापर सामान्यतः इ. स. पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातला ठरवला. प्रत्यक्ष खुणांवर आधारलेले असल्याने दुसरे मत सध्या तरी भक्कम मानावे लागते.

कोल्हापुरात सोन्याचे काम अंबाबाई मंदिरालगतच्या गुजरीत आणि चांदीचे मुख्यतः हातकणंगले तालुक्यातील हुपरीत चालते. कोल्हापुरी साजाची पाने पातळ पत्र्यावर उठवून आत लाख भरलेली असल्याने साजाला तारकाम म्हणणे योग्य नव्हे.

वेटोळ्यासाठी तार मऊ असावी लागते. चांदीची किंवा तांब्याची तार मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केली, की ती बोटानेही वळते. वळवताना व ठोकताना ती पुन्हा ताठ होते, म्हणून मोठ्या कामात मध्येच एकदा तापवावी लागते. तारेचे टोक कानशीने घासून निमुळते करतात, कारण बोथट टोकाचा मधला फेर कधीच गोल बसत नाही. गोल तोंडाच्या पकडीत टोक धरून राईच्या दाण्याएवढा पहिला फेर करावा, मग तो सपाट पकडीत आडवा धरून उरलेली तार अंगठ्याने दाबत थोडी थोडी फिरवावी. पकड दर खेपेस जराशीच सरकवली, तर फेर एकमेकांना चिकटून बसतात. मुलामा दिलेल्या तारेवर ओरखडा उठू नये म्हणून पकडीच्या तोंडाला कापडी पट्टी गुंडाळतात.

लागणाऱ्या तारेची लांबी ढोबळमानाने त्रिज्येच्या वर्गास ३.१४ ने गुणून तारेच्या जाडीने भागले असता मिळते; १ मिमी जाड तारेच्या १० मिमी व्यासाच्या घट्ट वेटोळ्यास सुमारे ७८ मिमी तार जाते. अडकवण्याच्या कडीसाठी तारेचे शेपूट ठेवायचे असल्यास ते यात धरलेले नाही. कानातल्यांच्या जोडीत एक वेटोळे उजवीकडे व दुसरे डावीकडे फिरलेले हवे, नाहीतर कानांत ती परस्परांची प्रतिबिंबे दिसत नाहीत. तयार वेटोळे ऐरणीवर हलक्या हाताने ठोकून सपाट व ताठ करतात. पट्टीवर जोडायचे असल्यास सवागी (टाकणखार) लावून मागील बाजूने डाख देतात, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधतात.