सिंप्सन वाळवंट : फोर-व्हील ड्राइव्ह प्रवास

दक्षिण ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा जिथे एकत्र येतात, त्या भागात पसरलेले सिंप्सन वाळवंट चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीने पार करण्याचा प्रवास. पश्चिमेच्या माउंट डेअर या थांब्यापासून पूर्वेच्या बर्ड्सव्हिल गावापर्यंत 'फ्रेंच लाइन' या वाटेने सुमारे ५०० किमी अंतर पडते. मधे कुठेही इंधन मिळत नाही. भुसभुशीत वाळूत गाडी नेहमीपेक्षा बरेच जास्त इंधन पिते, त्यामुळे निघण्यापूर्वीचा हिशेब चुकला तर तो वाटेत दुरुस्त करता येत नाही.

या वाळवंटात ११०० हून अधिक तांबूस वालुकागिरी एकमेकांना समांतर, साधारण वायव्येकडून आग्नेयेकडे पसरले आहेत. काही तर २०० किमीपर्यंत लांब आहेत. वाट त्यांना आडवी जात असल्याने प्रत्येक रांग चढायची आणि उतरायची. पश्चिमेचा उतार सौम्य आणि पूर्वेचा खडा असल्याने पश्चिमेकडून निघालेल्याला चढ सोपे जातात. पूर्वेकडे उंची वाढत जाते आणि बर्ड्सव्हिलच्या सुमारे ३५ किमी अलीकडे 'बिग रेड' हा जवळपास ४० मी. उंचीचा शेवटचा मोठा चढ लागतो.

हे चढ इंजिनाच्या ताकदीवर चढता येतात, हा नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज. खरे काम टायरमधली हवा करते. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये ३५-४० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा असते; वाळूत ती १६-१८ पर्यंत उतरवतात. हवा कमी झाली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो, गाडीचा भार पसरतो आणि चाक वाळू उकरण्याऐवजी तिच्यावरून चालते. कडक टायरचे चाक चढावर जागच्या जागी फिरते आणि खड्डा पाडते. मागून येणारी प्रत्येक गाडी त्यात आपटून तो वाढवते. म्हणून हवा न सोडणारा चालक स्वतः कसाबसा पार होतो, पण वाट मागच्यांसाठी नासवून जातो. चढता आले नाही, तर आपल्याच चाकोरीतून सरळ मागे यावे. उतारावर गाडी आडवी वळवली तर ती उलटते.

माथ्यापलीकडून येणारी गाडी दिसत नाही. यासाठी जमिनीपासून किमान ३.५ मी. उंचीवर फडकणारा झेंडा गाडीला लावणे सक्तीचे आहे आणि वायरलेसवर आपला ठावठिकाणा सांगत राहण्याची पद्धत आहे.

मोटारीची वाट जुनी नाही. भूवैज्ञानिक रेग स्प्रिग १९६२ मध्ये पत्नी व दोन मुलांसह हे वाळवंट मोटारीने पार करणारे पहिले ठरले. पुढच्याच वर्षी एका फ्रेंच कंपनीने तेलाच्या शोधात सरळ रेघ आखावी तशी वाट पाडली. तीच फ्रेंच लाइन. तथापि 'पहिले' हा शब्द इथे जपून वापरायला हवा. वांगकांगुरू हे इथले आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या या वाळूत राहत होते. वालुकागिरींमधल्या खोलगट जागी खणलेल्या 'मिकिरी' नावाच्या खोल, अरुंद विहिरींवर त्यांचे जगणे चाले. १८८६ मध्ये डेव्हिड लिंडसे हा शोधप्रवासी एका वांगकांगुरू वाटाड्याच्या भरवशावरच एकेक मिकिरी गाठत आत जाऊ शकला. दक्षिण ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय उद्यानाच्या आजच्या नावातला 'मुंगा-थिरी' हा शब्दही त्यांचाच. अर्थ, मोठ्या वालुकागिरींचा प्रदेश.

पश्चिमेकडून आत शिरण्यापूर्वीचा मुक्काम बहुधा डलहौसी झऱ्यांवर होतो. जमिनीखालच्या विशाल आर्टेशियन खोऱ्यातून, म्हणजे दाबाखाली साठलेल्या भूजलातून, इथे कोमट पाणी वर येते. मुख्य डोहात पोहता येते, आणि जगात इतरत्र कुठेही न आढळणारे काही मासे या झऱ्यांत आहेत. नावाची कथा थेट पुण्याला जोडलेली आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी लेडी एडिथ या हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कन्या; त्यांच्या वडिलांच्या उपाधीचे नाव झऱ्यांना मिळाले. हेच फर्ग्युसन पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले आणि १८८५ मध्ये स्थापन झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले.

डलहौसीच्या पुढे मुक्कामाला फारशा सोयी नाहीत. वाटेलगतच्या सपाटीवर तंबू ठोकायचा, स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर करायचा आणि कचरा परत न्यायचा. गाडी बिघडली तर तिला सोडून चालत जाऊ नये. माणसापेक्षा गाडी आकाशातून लवकर दिसते. उन्हाळ्यात, १ डिसेंबर ते १५ मार्च, दक्षिण ऑस्ट्रेलियातील उद्यान बंदच असते.

हिवाळ्यातही वाट खुली असेलच असे नाही. बिग रेडच्या अलीकडे आयर क्रीक ही नदी आडवी येते. एरवी ती कोरडी असते. पण क्वीन्सलँडमध्ये दूर कुठे पाऊस झाला की काही आठवड्यांनी, इथले आकाश निरभ्र असताना, पाणी येऊन पोहोचते. अशा वेळी उत्तरेकडून लांबचा वळसा घ्यावा लागतो, आणि त्यासाठीचे जादा इंधन माउंट डेअरलाच भरलेले असावे लागते.